धुण्याचा सोडा, हळदीचा डाग आणि ॲसिडची बाटली

आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. जमा-नावे, खतावणी आणि वर्षअखेरचा ताळेबंद यांतच आमची निम्मी हयात गेली. रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. तेव्हा या आठवड्यात आम्ही आम्ल आणि क्षार यांवर लिहायला बसलो आहोत, हे पाहून ऑफिसातले सहकारी हसतील. हसोत बापडे. लिहिण्यास कारण घडले ते असे.

आमच्या मागच्या गल्लीतल्या एक मावशी एका मोठ्या इमारतीत साफसफाईच्या कामाला जातात. काम कंत्राटी. सकाळी सातला हजेरी, मजल्यागणिक संडास-बाथरूम धुवायचे, दुपारी तीनला सुट्टी. एका रात्री साडेदहाच्या सुमारास त्यांची मुलगी आमच्या दारात उभी राहिली. "काका, लवकर चला. आईला श्वास घेता येईना."

रिक्षा करून मावशींना सरकारी दवाखान्यात नेले. नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. डॉक्टरांनी विचारले, "आज कामावर काय वापरलं होतं?" मावशी खोकत खोकत म्हणाल्या, "लाद्या लय घाण होत्या. नुसत्या ब्लीचिंग पावडरीनं निघंनात, म्हणून वरून ॲसिड वतलं. हिरवट धूर आला न् डोळ्यातनं पाणीच पाणी." डॉक्टरांनी केसपेपरवर एक शब्द लिहिला : क्लोरीन.

मावशी दोन दिवसांनी घरी आल्या. नशीब बलवत्तर म्हणायचे. पण त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकावर जे बोलणे झाले, ते आमच्या मनातून जाईना. मुलगी बारावी सायन्सला आहे. गुणी आणि अभ्यासू पोर. ती रडवेली होऊन म्हणाली, "काका, हे आम्हाला आहे ओ. सौम्य आम्लाचा क्षार पाण्यात टाकला की काय होतं, त्याच्यावर तीन मार्कांचा प्रश्न येतो. मला पाठ आहे. पण मी इंग्रजीतून पाठ केलंय. आईच्या बादलीत तेच असतं हे मला कुणी सांगितलंच नाही."

आमचा राग त्या पोरीवर नाही. धडा 'द्रावण आम्लारिधर्मी असते' एवढ्यावर थांबतो आणि पुढचे उदाहरण सोडवायला सांगतो. तो बादलीपर्यंत कधी येतच नाही. म्हणून आम्ही त्या पोरीलाच म्हटले, रविवारी विहारात महिला मंडळाची बैठक आहे, तिथे हे तुझ्या मराठीत सांग. आधी अडखळली, मग तयार झाली. पुढे जे लिहितो आहोत त्यात शास्त्र तिचे आणि हिशेब आमचा, असे समजावे.

तिने सुरुवात हळदीपासून केली. चमचाभर हळद पाण्यात कालवून साध्या कोऱ्या कागदावर फासली, कागद वाळवला आणि त्याच्या पट्ट्या कापल्या. समोर वाट्या मांडल्या. एकीत मिठाचे पाणी, एकीत धुण्याच्या सोड्याचे, एकीत खाण्याच्या सोड्याचे, एकीत अंगाच्या साबणाचे आणि एकीत चुलीच्या राखेचे निवळलेले पाणी. राख मिळवायला मात्र तिला फार हिंडावे लागले, चुली आता राहिल्यात कुठे! मिठाच्या पाण्यात पट्टी पिवळीची पिवळी राहिली. धुण्याच्या सोड्यात टाकताच लालभडक. राखेच्या पाण्यातही लाल, साबणात तांबडी, खाण्याच्या सोड्यात जेमतेम तांबूस. बायका म्हणाल्या, यात नवल ते काय? भाजीचा पिवळा डाग पडलेल्या पांढऱ्या सदऱ्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे आम्ही रोज बघतो. आणि डाग पाण्याने खळबळला की परत पिवळा.

बरोबर. हळदीतला रंग पाणी आम्लधर्मी किंवा उदासीन असताना पिवळा राहतो आणि अल्कधर्मी झाले की लाल होतो. म्हणजे हळद हा आपल्या घरातला दर्शकच. शाळेत लिटमसचा कागद नाही म्हणून प्रयोग झाला नाही, अशी सबब आम्ही ऐकली आहे. हळद तरी प्रत्येक घरात असते.

आता खरा प्रश्न. मीठ हा क्षार, धुण्याचा सोडा हाही क्षारच. आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारून जे उरते त्याला क्षार म्हणतात, असे आपण शिकलो. दोघांची मारामारी होऊन दोघेही थंड झाले असतील, तर उरलेला माल उदासीन असायला हवा. मीठ तसे आहेही. मग सोड्याच्या पाण्याने हळद लाल का व्हावी? आपण तर पाण्यात अल्क टाकलेलाच नाही. तो आला कुठून?

तो आला पाण्यातून. इथे आमची खतावणी उपयोगी पडली.

प्रत्येक आम्लापाशी हायड्रोजनची पुंजी असते. पाण्यात गेल्यावर आम्ल ती पुंजी सोडते, म्हणून ते आंबट लागते आणि धातूला खाते. काही आम्ले उधळ्या स्वभावाची. संडास धुण्याच्या बाटलीतले हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडले की सगळा हायड्रोजन सोडून मोकळे होते आणि पुन्हा त्याची आठवणही काढत नाही. हे तीव्र आम्ल. काही आम्ले मात्र चिक्कट. व्हिनेगारमधले ॲसेटिक आम्ल घ्या. त्याचे साधारण पातळ द्रावण केले, तर शंभर रेणूंतला जेमतेम एखादा आपला हायड्रोजन सोडतो, बाकीचे घट्ट मुठीत धरून बसतात. हे सौम्य आम्ल. सोड्याच्या बाटलीतल्या बुडबुड्यांचे कार्बोनिक आम्ल याहूनही चिक्कट.

आता मीठ हे उधळ्या हायड्रोक्लोरिक आम्लाचे लेकरू. पाण्यात विरघळले की त्याचा क्लोराइडचा भाग मोकळा फिरतो, पण त्याला हायड्रोजनची हाव नाही. पाणी जसेच्या तसे राहते. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट, हे चिक्कट कार्बोनिक आम्लाचे लेकरू. पाण्यात सुटा झालेला कार्बोनेट हायड्रोजनसाठी आसुसलेला असतो. आजूबाजूला दुसरे कोणी नाही, आहे ते पाणीच. मग तो पाण्याच्या रेणूतला हायड्रोजन ओढून घेतो. पाण्याचा उरलेला तुकडा, म्हणजे हायड्रॉक्साइड, उघडा पडतो. आणि हा हायड्रॉक्साइड म्हणजेच अल्काचा गुण. हळदीला लाल करणारा तोच, मळ काढणारा तोच आणि हात कातवणारा तोच.

म्हणजे कार्बोनेटच्या खात्यावर एक हायड्रोजन जमा झाला आणि पाण्याच्या खात्याला तोच नावे पडला. बेरीज कुठेच चुकली नाही, फक्त पाण्याची उदासीनता गेली. हे मांडल्यावर मुलगी म्हणाली, "काका, आमच्या सरांपेक्षा सोपं झालं." आम्हाला उगीच बरे वाटले, हे कबूल करतो.

किती पाणी असे लुटले जाते, हेही पाहण्यासारखे आहे. निव्वळ शुद्ध पाण्यात सुमारे पंचावन्न कोटी रेणूंतला एखादाच रेणू आपसूक फुटलेला असतो. इतके पाणी अभंग. त्यात सोडा मध्यम प्रमाणात घातला, तर शंभरातले चार-पाच कार्बोनेट पाण्याचा हायड्रोजन पळवतात. ऐकायला थोडे वाटते, पण परिणाम पाहा. पाण्याचे आम्लधर्मी-अल्कधर्मीपण मोजायला सामू नावाचे माप आहे. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ सोरेनसन यांनी ते १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केले. ही प्रयोगशाळा एका बिअरच्या कारखान्याची होती, हे वाचून आम्हाला गंमत वाटली. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्याच्या वर अल्कधर्मी, खाली आम्लधर्मी. आणि दर एका अंकाला दहा पट फरक पडतो. सोड्याच्या त्या पाण्याचा सामू साडेअकराच्या वर जातो. म्हणजे हायड्रॉक्साइड साध्या पाण्याच्या कित्येक हजार पट झाले. खाण्याचा सोडा सव्वाआठच्या आसपास थांबतो, कारण त्यातल्या कार्बोनेटला एक हायड्रोजन आधीच मिळालेला असतो. अर्धे पोट भरलेले, त्यामुळे हावही कमी. म्हणूनच तो भज्यांत घालता येतो आणि धुण्याचा सोडा येत नाही. दोन्ही पांढऱ्या पुड्या एकाच फळीवर ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आम्ल जितके चिक्कट, तितका त्याचा क्षार पाण्यात अधिक अल्कधर्मी, असा हा व्यस्त व्यवहार आहे. व्हिनेगारच्या आम्लाचा क्षार नऊच्याही खाली राहतो, कार्बोनिकचा बाराच्या जवळ जातो. याची उलट बाजूही आहे. आम्ल तीव्र आणि आम्लारी सौम्य असेल, तर त्यांच्या क्षाराचे पाणी आम्लधर्मी होते. तुरटी आणि कल्हईवाल्याचा नवसागर त्या जातीचे. पण तो विषय आज सोडून देऊ.

साबणाचे मात्र सोडता येणार नाही. साबण हाही क्षारच, तेला-चरबीतल्या सौम्य आम्लांचा. म्हणून कितीही गुलाबी, कितीही सुवासिक वडी आणा, तिचे पाणी अल्कधर्मीच असते आणि डोळ्यात गेले की झोंबतेच. आपल्या कातडीचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो. दिवसभर साबणात आणि सोड्यात हात राहिले, की तो थर आणि त्यातला तेलकटपणा निघून जातो. मग बोटांना चिरा पडतात. कपडे धुण्याच्या पावडरीतला मळ काढणारा मुख्य पदार्थ बहुधा तीव्र आम्लाचा क्षार असतो, तो स्वतः उदासीनच. पण पावडरीत सोडाही मिसळलेला असतो, आणि हात फाडतो तो हा सोडा. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायकांचे हात पाहिले आहेत ना? आमच्या आईचेही तसेच होते. तिने सोड्यापेक्षा राख जास्त घासली. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असते, म्हणजे पुन्हा कार्बोनिक आम्लाचाच क्षार. पापडाचे पीठ मळताना पापडखाराने तळहात चुरचुरतात, तेही याच घराण्यातले. काम झाल्यावर हात साध्या पाण्याने भरपूर धुवावेत आणि खोबरेल चोळावे. रबरी हातमोजे मिळाले तर उत्तमच, आणि कामावर ते देणे मालकाचे काम आहे, मेहेरबानी नव्हे.

सोड्याची बादली केवढी मोठी असू शकते, हे पाहायचे तर बुलढाणा जिल्ह्यात लोणारला जावे. उल्कापाताने काळ्या कातळात पडलेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. त्याच्या तळाशी जे सरोवर आहे त्याच्या पाण्यात मिठाबरोबर सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट भरलेले आहे, आणि त्याचा सामू दहाच्या आसपास मोजला गेला आहे. वाटीतल्या सोड्याने जे केले, तेच तिथे अख्ख्या सरोवरात झाले आहे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा तऱ्हेतऱ्हेच्या अफवा उठल्या. ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या रंगामुळे झाले होते. हळदीच्या लालीशी त्याचा संबंध नाही. हे एवढ्यासाठी सांगितले, की बैठकीत एका वहिनींनी नेमके तेच विचारले.

इथवर सगळे घरगुती. आता मावशींच्या बादलीकडे येऊ.

चिक्कट आम्लाच्या क्षारापाशी हायड्रोजनची हाव असते, हे आपण पाहिले. पाण्यातून तो ओढून काढताना त्याला थोडीफार झटापट करावी लागते, शंभरातल्या चार-पाचांनाच साधते. पण त्या पाण्यात तीव्र आम्ल ओतले तर? तीव्र आम्ल तर हायड्रोजन वाटतच आलेले असते. मग शंभरातले शंभर त्यावर तुटून पडतात आणि जुने सौम्य आम्ल पुन्हा जसेच्या तसे तयार होते. ते पाण्यात टिकणारे असेल तर ठीक. वायुरूप असेल किंवा मोडून वायू होणारे असेल, तर ते बादलीबाहेर पडते.

खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की फसफसते, ते हेच. लिंबातले आम्ल स्वतः काही फार तीव्र नाही, पण कार्बोनिकपेक्षा तीव्र आहे, तेवढे पुरते. कार्बोनिक आम्ल तयार होते, लगेच मोडते आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे निघतात. ढोकळा फुगतो. मुलांना गंमत वाटते. या पहिल्या क्षाराने कोणाचे वाईट केले नाही.

दुसरा क्षार ब्लीचिंग पावडर. विझवलेल्या चुन्यात क्लोरीन मुरवून ती करतात. स्कॉटलंडच्या चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली तिचे पेटंट घेतले. हीही एका सौम्य आम्लाच्या क्षाराची पावडर. त्या आम्लाचे नाव हायपोक्लोरस. पाण्यात पडल्यावर हा क्षारही पाण्याचा हायड्रोजन घेऊन थोडेसे हायपोक्लोरस आम्ल तयार करतो, आणि जंतू मारते ते मुख्यतः हेच आम्ल. विहिरीत पावडर टाकतात ती त्यासाठी. म्हणजे सौम्य आम्लाच्या क्षाराची जी खोड सोड्यात हात फाडते, तीच इथे कॉलऱ्यापासून वाचवते. १८४७ साली व्हिएन्नाच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात डॉक्टर सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. ब्लीचिंग पावडरीला आम्ही नावे ठेवीत नाही.

पण तिच्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले, की सगळे हायपोक्लोरस आम्ल एकदम तयार होते आणि ते उरलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाशी भिडून क्लोरीन वायू सुटतो. हिरवट-पिवळा, घसा जाळणारा. हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड, म्हणून तो वर उडून जात नाही, खाली साठतो. आणि खाली कोण असते? लादीवर वाकून बसलेली बाई. खिडकी नसलेल्या संडासात दाराकडे पाठ करून ती घासत असते. 'दोन्ही औषधे मिळून दुप्पट साफ होईल', हा तिचा विचार अडाणीपणाचा नाही. दोन्ही बाटल्या तिला कामावरूनच मिळतात आणि मिसळू नका असे तिला कोणीच सांगत नाही. बाटलीवर सूचना असते ती इंग्रजीत. बहुतेक वेळा तीही नसते, कारण सुटे ॲसिड पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दिलेले असते. हा गुन्हा कोणाचा, ते आम्ही लिहायला नको.

दवाखान्यात डॉक्टरांनी जे सांगितले ते इथे द्यायला हवे. असा धूर झाला तर पाणी ओतत, निस्तरत बसू नये. तसेच बाहेर मोकळ्या हवेत यावे. डोळे भरपूर पाण्याने धुवावेत, कपड्यांवर उडाले असेल तर कपडे बदलावेत. आणि लगेच बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. क्लोरीनचा त्रास काही तासांनी वाढतो, छातीत पाणी होते. मावशी दुपारी कामावरून चालत घरी आल्या होत्या, स्वयंपाकही केला होता. दम लागला तो रात्री.

याच क्षाराचा भाऊ सोडियम हायपोक्लोराइट. २०२० साली कोरोनाच्या काळात त्याचे नाव घरोघरी गेले. त्या वर्षीच्या मार्चअखेरीस उत्तर प्रदेशातल्या बरेलीत, पायी आणि बसने गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून, बायकापोरांसकट त्यांच्या अंगावर याचे फवारे मारण्यात आले. मुलांचे डोळे चुरचुरले. पुढे १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सूचना काढावी लागली, की माणसांच्या अंगावर असे फवारू नका, त्याचा उपयोग नाही, उलट अपाय आहे. लादी पुसायचे द्रावण माणसावर मारायचे सुचते, ते कोणत्या माणसावर, हे वाचकांना ठाऊक आहे.

तिसरा क्षार सल्फाइड. त्याच्याविषयी त्या पोरीच्या वहीत एकच ओळ होती. आम्हाला मात्र त्यावर थांबावेसे वाटते, कारण आपल्या किती घरांत याने अंधार केला आहे!

हायड्रोजन सल्फाइड हे आम्ल कार्बोनिकच्याही मागचे, अगदी सौम्य. त्याचा क्षार सोडियम सल्फाइड पाण्यात पडला की जवळजवळ प्रत्येक सल्फाइड पाण्याचा हायड्रोजन हिसकावतो, शंभरातले चार-पाच नव्हे. पाणी कडक अल्कधर्मी होते, आणि सल्फाइडच्या अशा पाण्यात कातड्यावरचे केस विरघळून निघतात. चामड्याच्या कारखान्यांत चुन्याबरोबर तो त्यासाठीच वापरतात. पुढच्या टप्प्यावर त्याच कारखान्यात कातडे आम्लाच्या पाण्यात मुरवतात. केस काढण्याच्या हौदाचे पाणी आणि या आम्लाच्या हौदाचे पाणी एका गटारात एकत्र आले, की हायड्रोजन सल्फाइड वायू उसळतो. चामड्याच्या कारखान्यांत माणसे दगावण्याचे हे जगभर माहीत असलेले कारण आहे.

पण गटारात सल्फाइड यायला चामड्याचा कारखाना लागतोच असे नाही. मैल्यात गंधकाचे पदार्थ असतात. हवा नसलेल्या गाळात जिवाणू त्यांचे सल्फाइड करतात. गटाराच्या पाण्याचा सामू सातच्या आसपास असेल, तर यातले साधारण निम्मे हायड्रोजनला चिकटून वायू होण्याच्या तयारीत असते आणि निम्मे क्षाराच्या रूपात पाण्यात दबलेले असते. सामू आठ असेल तर दहातले एकच वायूच्या रूपात. सामू सहावर आला तर दहातले नऊ. आता बघा, चेंबरमध्ये माणूस उतरलेला आहे आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर कोणीतरी संडासात ॲसिडची बाटली रिकामी केली. ओतणाऱ्याला पत्ताही नसतो. आणि ॲसिड नसले, तरी पहारीने गाळ ढवळला की साठलेला वायू एकदम सुटतोच.

'सौम्य' हा शब्द इथे फसवा आहे. सौम्य आम्ल म्हणजे निरुपद्रवी आम्ल नव्हे. तो शब्द फक्त हायड्रोजन सोडण्याच्या चिक्कटपणाबद्दल बोलतो. मुलामा देण्याच्या कारखान्यांतले सायनाइड हेही सौम्य आम्लाचाच क्षार, आणि त्यावर आम्ल पडले तर काय होते ते सांगायला नको. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोक समजतात की वास गेला म्हणजे वायू गेला. खरे उलटे आहे. दहा लाख भागांत शंभरच्या पुढे प्रमाण गेले, की हा वायू नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास थांबतो आणि माणूस आणखी खाली उतरतो. प्रमाण पाचशे ते हजारावर गेले तर काही श्वासांत शुद्ध हरपते. वरून पाहणारा भाऊ, जोडीदार, कधी मुलगा त्याला काढायला उतरतो. वर्तमानपत्रात एकाच चेंबरमध्ये दोन, तीन, चार मृत्यू वाचतो आपण, ते असे. श्वासाचे उपकरण नसेल तर कोणीही, कितीही जवळचा असला तरी, उतरू नये. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहिले पाहिजे.

मुळात माणसाने उतरूच नये. २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय गटार वा सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारातल्या मृत्यूबद्दल कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने ती रक्कम तीस लाख झाली, आणि कायमचे अपंगत्व आल्यास निदान वीस लाख. ही रक्कम दारात चालून येत नाही, हा आमचा कारकुनी अनुभव सांगतो. पोलिसांचा पहिला खबरी अहवाल, शवविच्छेदनाचा कागद, कामावर कोणी पाठवले त्याचा पुरावा, मग तो मोबाईलवरचा निरोप का असेना, हे सर्व पहिल्याच दिवशी जपून ठेवावे. कंत्राटदार पहिल्या दिवशी नम्र असतो, चौथ्या दिवशी ओळख देत नाही.

बैठक संपली तेव्हा दोन तास होऊन गेले होते. बायकांनी हळदीच्या पट्ट्या घरी न्यायला मागून घेतल्या. एक आजी म्हणाल्या, "बाय, तू इंग्रजीत शिकलीस न् आमाला मराठीत सांगितलंस, आता मास्तरणीच हो." मावशी सगळा वेळ भिंतीला टेकून ऐकत होत्या. अजून बोलले की त्यांना खोकला येतो. उठताना त्या लेकीला म्हणाल्या, "एवढं ठावं हुतं तर आधी का नाय बोललीस गं?" पोरीने मान खाली घातली. तिला उत्तर देता येईना आणि आम्हालाही.

पुढच्या सोमवारपासून मावशी परत कामावर जाऊ लागल्या. कामावर त्यांनी दोन्ही बाटल्यांना मुलीच्या हातच्या मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या. एकीवर लाल शाईने 'ॲसिड', दुसरीवर निळ्या शाईने 'ब्लीचिंग', आणि दोन्हींच्या खाली 'एकत्र नको'. सुपरवायझरने विचारले, हे कोणी लावले? मावशींनी सांगितले, माझ्या पोरीने. दोन दिवसांनी त्याने आणखी आठ मजल्यांसाठी तशाच चिठ्ठ्या मागवल्या. पोरीने रविवारी बसून त्या लिहिल्या, आणि खळ कमी पडली म्हणून आमच्याकडे डिंकाची बाटली मागायला आली.